मावळतीकडून लावलेला राब

लग्नानंतर सासरी नांदायला मी गेलो. बायको नव्हे, मी. ती जन्मापासून ज्या चुलीपुढे बसत होती तिच्यापुढेच बसून राहिली. एक ट्रंक, एक घोंगडी आणि बापाने दिलेला कोयता घेऊन मुरबाड भागातलं, वैशाखऱ्याच्या बाजूचं आमचं गाव सोडलं ते मी.

इंग्रज जाऊन दहा-अकरा वर्षं झाली असतील. आम्ही चार भाऊ आणि जमीन म्हणजे घाटाखालचा एक उतार. वाटण्या झाल्या असत्या तर माझ्या वाट्याला बांधावर बसण्यापुरती जागा आली असती. इकडे सापगावच्या अलीकडे, नदीच्या अंगाला, एका शेतकऱ्याला एकुलती मुलगी होती, मुलगा नव्हता आणि भाताची जमीन चांगली होती. मध्यस्थाने सांगितलं, जावई घरी राहणारा पाहिजे, पुढे सगळं त्याचंच आहे. पुढे म्हणजे कधी, हे आमच्यातल्या कोणी विचारलं नाही. बाप विचारायला लाजला आणि मला तेवढी अक्कल नव्हती.

सासऱ्याला मी मामा म्हणत असे. त्याला जाऊन आता खूप वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बरे बोलावेत अशी रीत आहे. मी प्रयत्न करून पाहिला, जमत नाही.

मी आलो त्या दिवशी शेजारपाजारच्या बायका मला बघायला आल्या. नव्या नवरीला बघतात तशाच, दारात उभ्या राहून, पदर तोंडाशी धरून. एकीने सासूला विचारलं, "काय काय येतं गो यांना?"

सासू म्हणाली, "झाडावर बरं चढतात म्हनं."

मी ओटीवर मान खाली घालून बसलो होतो. लग्न मार्गशीर्षात झालं. पौषात मी जावईबापू होतो, माघात नुसता जावई झालो आणि शिमग्याच्या आत रे झालो. "बैलांना पानी दाव रे." "पेंढा उतरव रे." आमच्या भागात रे म्हणणं काही वाईट नाही, भाऊ भावाला म्हणतो, मित्र मित्राला म्हणतो. पण जावयाला नाही म्हणत. जेवताना सासरा आधी पाटावर बसायचा. त्याचं होत आलं की चुलीकडे तोंड करून म्हणायचा, "वाढ त्याला." त्याला म्हणजे मला. मी तिथेच भिंतीला टेकून बसलेला असायचो.

आणि ती? ती मजेत होती. सासुरवास म्हणून जो काही असतो तो सगळा माझ्या वाट्याला आला होता. ती मैत्रिणींबरोबर नदीवर जायची, वाटेने मोठ्याने हसायची, आईच्या मांडीवर डोकं ठेवून केस विंचरून घ्यायची. मला हाक मारून पाणी द्यायची, भाकरी वाढायची, सगळं नीट करायची. पण काही ठरवायचं झालं की बापाचं नाव पुढे करायची, "बाला इचारते" म्हणायची. मुरबाडच्या बाजाराला जाऊन येऊ का, बाला इचारते. माझ्या आईला भेटून येऊ का, बाला इचारते. मला सासऱ्याचा राग होता, सासूचा होता, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग तिचा होता. सासरा परका होता. ती माझी बायको होती, आणि ती माझी बायको आहे हे मला त्या घरात कुठेच दिसत नव्हतं.

आम्हाला झोपायला पडवी दिली होती, गोठ्याला लागून. मी तिला म्हटलं, "इथंच एका कोपऱ्यात चूल मांडू. आपली वेगळी. तीन दगड तर लागतात."

ती म्हणाली, "कशाला? आयच्या हातचं बोचतं का तुमाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हेच वाक्य सासू शेजारणीला सांगताना मी ऐकलं. आमच्या दोघांत काहीही बोललं तरी ते उजाडायच्या आत चुलीपाशी पोचलेलं असायचं. त्यानंतर मी चुलीचं नाव काढलं नाही, पण मनातून ते गेलं नाही. माझ्या लेखी सगळं तिथे अडकलं होतं. जिथे ती माझ्यासाठी वेगळी चूल पेटवणार नाही, तिथे मी गडी होतो, बाकी काही नाही.

मग बैलांचं झालं. फाल्गुनात एकदा गाडी जुंपायची होती. मी बैल जुंपले, आणि ते जागचे हलेनात. प्रत्येक बैलाला आपली बाजू ठरलेली असते, हे काय मला माहीत नव्हतं? पण या दोघांतला कोण कुठला ते मला कोणी सांगितलं नव्हतं. अंगणात सासरा, दोन शेजारी आणि सासू. माझी बायको ओटीवरून ओरडली, "आवो, तो डाव्या अंगाचा! उलटं जुंपलाव तुमी!"

सगळे हसले. सासरा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त वेळ हसला.

त्या संध्याकाळी ती विहिरीवर एकटी सापडली. मी तिला म्हणालो, "पुन्हा चारचौघांत मला शिकवायचं नाय. बापासमोर तर तोंडच उघडायचं नाय. मी चुकलो तरी नाय, बरोबर असलो तरी नाय."

तिने कळशी वर घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं." मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट आपण ठरवली.

आता राबाचं सांगतो. ज्यांनी भात फक्त ताटात पाहिला त्यांना ते सांगावं लागतं. भाताची रोपं ज्या तुकड्यात पेरायची तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घ्यावा लागतो. खाली शेण, वर झाडांच्या डहाळ्या तोडून वाळवलेला पाला, त्यावर गवत आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. हे सावकाश, धुमसत जळलं पाहिजे, म्हणजे खालची जमीन तापते, तण मरतं आणि रोप जोमाने येतं. भडकून जळलं तर नुसता पाला जातो आणि जमीन थंडच राहते. म्हणून आग वाऱ्याच्या उलट न्यायची. वारा जिकडे जातो त्या टोकाला पेटवायचं, म्हणजे आगीला वाऱ्याच्या तोंडावर चालावं लागतं आणि ती घाई करत नाही.

त्या वर्षीचा राब माझ्या हातचा होता. झाडावर बरा चढतो ना मी! माघापासून रानात जाऊन ऐनाच्या फांद्या उतरवल्या, भारे वाहिले, शेण पसरलं, थर रचले. हाताची सालं निघाली. पण आमच्याकडे राब कोणीही रचला तरी पेटवतो तो घरचा कर्ता. त्या दिवशी गाव बांधावर उभं राहून बघत असतं, कोणाच्या राबावर कोण वाकलं ते. म्हाताऱ्याने मुलाच्या हातात विस्तव दिला म्हणजे घर त्याच्या हातात गेलं असं समजायचं. मी ठरवलं, या वर्षी राब मी लावणार. नाही म्हणाला तर ट्रंक उचलून जायचं, एवढंही ठरवलं होतं.

वैशाखातल्या एका सकाळी मी तोंडावर म्हटलं, "मामा, राब आज मी लावतो."

भांडण होईल म्हणून मी अंग ताठ करून उभा होतो. तो तंबाखू मळत होता. वर न बघता म्हणाला, "लाव की."

इतक्या सहज मिळालेल्या गोष्टीचा संशय यायला हवा होता. मला आनंद झाला.

त्या गावात राब दुपारी लावतात. सासऱ्याने खापरीत निखारे आणून माझ्या हातात दिले. बांधावर दहा-बारा माणसं होती. सासू होती, आणि माझी बायको कळशी आणि आग झोडायच्या ओल्या फांद्या घेऊन उभी होती. वारा अजिबात नव्हता. मी तरी चिमूटभर माती उचलून सोडून पाहिली, ती सरळ खाली पडली. आमच्या गावात राब सकाळी लावतात, तेव्हा वारा घाटावरून, उगवतीकडून खाली येतो, म्हणून आम्ही मावळतीच्या टोकाला पेटवतो. बापाने तेच केलं, भावांनी तेच केलं. डोकं काही विचार करायच्या आत माझे पाय मावळतीकडे निघाले होते.

जाताना मी बायकोकडे पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, तिला माझा अभिमान वाटतोय. तेविसाव्या वर्षी माणसाला काहीही वाटू शकतं.

मी वाकलो आणि पेटवलं. धूर सरळ वर गेला. पाचेक मिनिटं सगळं बरं चाललं. मग दिवस जरा कलला आणि माझ्या पाठीला गार झुळूक लागली. उन्हाळ्यात तिथे त्या वेळी खाडीकडून, मावळतीकडून वारा सुटतो, रोज, न चुकता. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं. मीही तो रोज अंगावर घेत होतो, पण डोक्यावर भारा घेऊन रानातून येणारा माणूस वारा कुठून येतो ते बघत नाही, लागला म्हणजे बरं वाटतं, एवढंच.

आग उठली आणि धावत सुटली. तीन महिन्यांचं काम पाव तासात संपलं. शेजाऱ्याच्या कुंपणाने पेट घेतला, तेव्हा बांधावरची माणसं धावली आणि फांद्यांनी झोडझोडून ते विझवलं. माझी बायको त्यांत सगळ्यात पुढे होती. मी राखेत पायाने उकरून पाहिलं. बोटभर खाली शेण न जळता जसंच्या तसं होतं.

सासरा जागचा हलला नव्हता. काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. लोकांना म्हणाला, "बगितली काय मुरबाडची पद्धत?"

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "मामा, तुमाला म्हाईत व्हतं वारा कुठनं येनार ते."

"मला काय म्हाईत रे?" तो म्हणाला. "कर्ता तू."

स्वतःच्या रोपांची जमीन वाया जाऊ दिली, पण तोंड उघडलं नाही. इतका द्वेष मी पुढे कोणात पाहिला नाही, माझ्यात सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रंक भरली. ती चुलीपुढे होती. मी निघालोय हे तिला दिसत होतं. तिने एवढंच विचारलं, "जेवून जाताव?" मी नाही म्हटलं, आणि किन्हवलीपर्यंत पोचलो तेव्हा भुकेने जीव जायची वेळ आली. त्याचाही राग मी तिच्यावरच काढला.

आमच्या गावी पहिल्या दिवशी सगळ्यांना बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी थोरल्या वहिनीने विचारलं, "भावजी, कवा जायचं तुमचं?" मी म्हटलं, बघू. रुसून माहेरी आलेल्या बाईला न्यायला कोणीतरी येतं. मला न्यायला कोण येणार? रोज वाटेकडे बघायचो, आणि बघतोय हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून दोर वळत बसायचो. अकरा दिवसांत घरात ठेवायला जागा उरली नाही इतका दोर झाला. सासऱ्याचा निरोप येईल अशी आशा मला नव्हतीच. पण तिचा येईल असं वाटत होतं, आणि येत नाही म्हटल्यावर मी मनात तिला नको ते बोलत होतो.

बाराव्या दिवशी दुपारी ती आली. एकटी. सरळगावपर्यंत बाजाराच्या गाडीत आणि पुढे पायी. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. वहिनीने पाणी दिलं, ते प्यायली, पण बसली नाही. अंगणात उभ्या उभ्या मला म्हणाली, "मी तुमाला न्यायला नाय आले. सांगाय आले. मी परत पाला तोडलाय. अर्धा राब रचलाय. मिरगाला पंधरा दिस ऱ्हायलं. तुमी लावनार असाल तर चला, नायतर मी लावते."

"बापाला विचारलंस?"

"नाय इचारलं."

तिचे हात मी तेव्हा पाहिले. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे होते, काही अजून ओले. ती झाडावर चढली होती. बांधावरच्या झाडांची तोड करायला बाई चढली म्हणून गाव काय काय बोललं असेल ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी ट्रंक तिथेच ठेवली, कोयता घेतला आणि निघालो.

आम्ही किन्हवलीच्या वाटेला लागलो. ती पुढे, मी मागे. काळू नदी उतरून गेल्यावर माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "तू बघत व्हतीस. तुला म्हाईत व्हतं. तोंडातनं एक शब्द काढला असतास तर?"

ती चालतच राहिली. "तुमीच बोलला व्हता, बापासमोर तोंड उघडायचं नाय. चुकलो तरी नाय."

"एरवी कवा आयकतेस माजं?"

"त्या दिशी आयकलं."

मी म्हटलं, "मी तुज्याकडं बगितलं व्हतं."

"बगितलं," ती म्हणाली. "इचारलं नाय."

मला तिचा इतका राग आला की तिथून परत फिरावं असं वाटलं. ती खोटं बोलली असती तर मी फिरलोही असतो. पुढचे दोन कोस मी कोयत्याने वाटेकडेची झुडपं छाटत चाललो.

रात्री किन्हवलीला तिच्या आत्याकडे थांबलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पोचलो. घरात न जाता ती मला थेट शेतावर घेऊन गेली. राब होता अर्धाच, पण नीट रचलेला. थरांत खोट काढायला मी वाकून वाकून पाहिलं, निघाली नाही. मला तिथे उभं करून ती घरी गेली आणि खापरीत निखारे घेऊन आली. तिच्या मागोमाग काठी टेकत सासरा आला, सासू आली, आणि बघता बघता बांधावर माणसं जमली. मुरबाडचा जावई परत आला आणि पुन्हा राब लावतो म्हटल्यावर कोण घरी बसणार?

सासरा हात पुढे करून म्हणाला, "गो, त्याच्या हातात देऊ नको. दे इकडं."

ती थांबली. खापरी दोन्ही हातांत होती. बापाकडे वळून म्हणाली, "बा, त्या दिशी तू बगत उबा ऱ्हायलास. आजपन तसाच ऱ्हा."

तिने आवाज चढवला नव्हता. सासूने तोंडाला पदर लावला. सासऱ्याचा हात तसाच पुढे राहिला आणि मग हळूहळू काठीवर परत गेला. मार्गशीर्षापासून मी ज्या एका वाक्यासाठी जळत होतो ते तिने बोलून टाकलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असतं, पण तिने मला तेवढा वेळ दिला नाही. ती त्याच पावली माझ्याकडे वळली आणि त्याच आवाजात, जरासुद्धा मऊ न होता, म्हणाली, "आवो, तुमी उगवतीला जा. वारा सुटंल आता. मावळतीकडं वळू नका."

चारचौघांत, बापासमोर, तोंड उघडून. विहिरीवर मी जे जे बजावलं होतं ते सगळं तिने एका दमात मोडलं. माझी कानशिलं तापली. बांधावर कोणीतरी खाकरलं. सासरा माझ्याकडे बघत होता, आणि मी आता काय करतो याची त्याला किती घाई झाली होती ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी तिच्या हातातली खापरी हिसकावून आपटावी आणि निघून जावं, एवढीच त्याची अपेक्षा होती.

मी खापरी घेतली आणि उगवतीच्या टोकाला गेलो. वाकलो आणि पेटवलं.

वारा सुटला. आग त्याच्या तोंडावर इंच इंच चालत राहिली, आणि सूर्य बुडेपर्यंत राब धुमसत होता. सासरा अर्ध्यातून निघून गेला. आम्ही दोघं दोन टोकांना बसून होतो. तिच्यावरचा माझा राग गेला नव्हता, आणि तिचाही माझ्यावरचा गेलेला दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलांना पाणी दाखवून आलो तर पडवीत धूर होता. तिने कोपऱ्यात तीन दगड मांडले होते आणि वर भाताचं मडकं चढवलं होतं. तिने बापाला विचारलं नव्हतं. मलाही विचारलं नव्हतं.